पेवातली हवा आणि टाकीतला गॅस



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी कामगार चळवळीच्या इतिहासावर काही सांगेन, अशी त्यांची कल्पना असावी. मी म्हणालो, ‘घरातल्या कारखान्यात गॅसची टाकी कशी वापरावी, यावर बोलतो.’ ते जरा थबकले. या व्यासपीठावर संतवाङ्मय होते, इतिहास होतो, मधूनमधून अर्थकारणही होते. गॅसच्या टाकीला इथे प्रथमच मान मिळत असावा. परंतु नांदेड आणि लातूर या दोन गावांत मी तीस वर्षे कामगारांची कामे करीत हिंडलो, आणि कारखान्याच्या फाटकातून जेवढी माणसे आत जातात त्यापेक्षा जास्त माणसे घराच्या जिन्याखाली बसून काम करतात, असे मला आढळले. त्यांच्याविषयी बोलायचे तर टाकीपासूनच सुरुवात करावी लागते.

नांदेडचा सराफा घ्या, इतवारा घ्या, किंवा लातूरला गंजगोलाईच्या भोवतालच्या गल्ल्या घ्या. दुकान रस्त्यावर असते, तिथे आरसे आणि दिवे असतात. माल घडवणारा माणूस मात्र मागे, वर नाहीतर खाली बसलेला असतो. सोन्याचांदीचे दागिने घडवणारे, तांब्यापितळेची भांडी झाळणारे, फ्रीजच्या तांब्याच्या नळ्या जोडणारे, या सर्वांना एक लहानशी पण प्रखर ज्योत लागते. पूर्वी सोनाराचे काम बागेसरीच्या कोळशावर आणि तोंडाच्या फुंकणीवर होत असे. आता त्या जागी गॅसची टाकी आली आहे. हा गॅस मुंबईच्या स्वयंपाकघरांत १९५५ च्या सुमारास आला, आणि आज तो खेड्यातल्या चुलीपाशीही पोहोचला आहे. त्याने बायकांच्या डोळ्यांतला धूर काढला, कारागिराच्या गालांचा भाता वाचवला. त्याला नावे ठेवण्यासाठी मी उभा नाही.

पण तो तळघरात का गेला? जुन्या वाड्यांतून तळघर असे ते धान्यासाठी, ठेव्यासाठी, आणि वैशाखात दुपारी अंग टाकायला. आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर गेला की तळघर हीच घरातली बरी जागा. भाडे कमी, सोने रस्त्यावरून दिसत नाही, गिऱ्हाईक डोकावत नाही. नव्या इमारतींतही खाली वाहनतळाच्या नावाने बांधलेले गाळे असेच कारागिरांना दिले जातात. अशा एका जुन्या वाड्यात दहाबारा वर्षांपूर्वी मी घडणावळीचा एक तंटा मिटवण्यासाठी गेलो होतो. सात पायऱ्या उतरून खाली गेलो. दगडी भिंती, रस्त्याच्या पातळीवर हातभर खिडकी, तीन माणसे पाटावर बसून काम करीत होती आणि कोपऱ्यात घरगुती वापराची लाल टाकी. मला खाली पाऊल ठेवताच वास आला. त्या तिघांना येत नव्हता. मी म्हणालो, ‘मामा, गॅस सुटलाय.’ त्यांतले वडीलधारे होते ते हसून म्हणाले, ‘भाऊ, सकाळपासून इथंच बसलोत आम्ही. वास असता तर आला नसता का?’ मी त्यांना हाताला धरून वर अंगणात नेले, बाकीच्या दोघांनाही बोलावले. पाच मिनिटांनी त्यांनी जिन्याच्या तोंडाशी पुन्हा वाकून पाहिले, आणि त्यांचा चेहरा बदलला.

या गॅसला मुळात वास नसतो. सुटला तर कळावा म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे एक उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. परंतु नाकाचा स्वभाव असा की जो वास हळूहळू वाढत जातो त्याची त्याला सवय होते. त्यातून टाकणखार, तेजाब आणि कोंदट हवा यांत दिवस काढणाऱ्याचे नाक आधीच थकलेले असते. म्हणून खाली काम करणाऱ्याने दर तासाला एकदा वर येऊन मोकळ्या हवेत उभे राहावे आणि मग पुन्हा जिना उतरताना वास घ्यावा. याला पैसा लागत नाही.

आता मूळ प्रश्न. गॅस सुटला तर तो जातो कुठे? याचे उत्तर मराठवाड्याच्या शेतकऱ्याला शाळेत न जाता ठाऊक होते. आपल्याकडे ज्वारी पेवात ठेवीत. जमिनीत खोल खड्डा, आतून काडाचा थर, वर माती लिंपून तोंड बंद. हे पेव उघडल्यावर कोणी लगेच आत उतरत नसे. तोंड मोकळे करून बराच वेळ थांबायचे, मग दोरीने कंदील आत सोडायचा. कंदील विझला तर उतरायचे नाही. ज्यांनी हे पाळले नाही ते आत कोसळले, त्यांना काढायला उतरलेले दुसरेही कोसळले, अशा हकिगती ज्वारीच्या प्रत्येक गावात सांगितल्या जातात. कारण उघड आहे. दाणा जिवंत असतो, तो श्वास घेतो, बंद पेवातला प्राणवायू संपवतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे पाण्यासारखा तळाशी बसून राहतो.

मी सातवीत शाळा सोडली. रसायनशास्त्र मी शिकलो ते मुलगी अकरावीला गेल्यावर, तिच्या पुस्तकातून, तिची झोपायची वेळ झाल्यावर. त्या पुस्तकात वायूंची वजने मांडली होती. हवेचा रेणुभार सरासरी २९, कार्बन डायऑक्साइडचा ४४. आणि पुढच्या पानावर प्रोपेन: तोही ४४. मी दोनदा हिशेब करून पाहिला. पेवात माणूस मारणारी हवा आणि टाकीतला प्रोपेन यांचे वजन तंतोतंत सारखे आहे, दोन्ही हवेच्या दीडपट. आपल्या टाकीत निव्वळ प्रोपेन नसतो, ब्युटेनही असतो, आणि त्याचा भार ५८, म्हणजे हवेच्या दुप्पट. तेव्हा पेवाबद्दल आजोबांना जे ठाऊक होते ते तळघरातल्या टाकीला जसेच्या तसे लागू पडते. सुटलेला गॅस वर उडून जात नाही. तो पायऱ्या उतरतो, गटाराच्या तोंडात शिरतो, पाटाखाली साचतो, आणि तिथे वाट पाहतो. काही शहरांतून आता नळाने येऊ लागलेला गॅस निराळा. तो मिथेन, भार १६, तो छताकडे जातो. त्याचे नियम याला लावू नयेत.

आजोबांची एक गोष्ट मात्र येथे पुरती उलटी होते, आणि ती मी दोनदा सांगणार आहे. पेवात कंदील सोडतात, कारण पेवातली हवा दिवा विझवते. टाकीतला गॅस दिवा विझवीत नाही, तो दिव्याने पेटतो. वास आला म्हणून दिवा घेऊन खाली पाहायला जाणे, काडी ओढून नळी तपासणे, म्हणजे पेवाची परीक्षा बारुदाच्या कोठाराला लावणे होय. आणि दिवा म्हणजे केवळ कंदील नव्हे. विजेचे बटण दाबताना आत ठिणगी पडते, बंद करतानाही पडते. फ्रीज आपोआप चालू होताना पडते, काही मोटरींत तर सतत पडत असते.

माझा एक जुना सोबती होता, चांदीच्या कामात त्याचा हात धरणारा लातुरात कोणी नव्हता. त्याच्या तळघरात एका रात्री टाकीची चावी बंद करायची राहिली, आणि उंदरांनी नळी कुरतडलेली होती. सकाळी तो जिना उतरला. मी त्याला दवाखान्यात भेटलो तेव्हा विचारले, ‘अरे, वास आला नाही का तुला?’ तो म्हणाला, ‘आला ना. म्हणून तर खिडकी उघडावी म्हणलं. अंधारात दिसंना, म्हणून दिवा लावला.’ तो जगला. पण त्याच्या बोटांची कातडी आखडली, आणि चिमटा धरता येईना. पुढे तो एका दुकानाच्या दारात रखवालीला बसत असे.

किती गॅस पुरे होतो, हे एकदा मोजून पाहू. हवेत या गॅसचे प्रमाण शेकडा सुमारे २ ते ९ असले की ते मिश्रण पेटते. २ पेक्षा कमी असले तर पेटत नाही, ९ पेक्षा जास्त असले तरीही नाही. एक तळघर धरा: दहा फूट रुंद, बारा फूट लांब, सात फूट उंच. त्याचे आठशे चाळीस घनफूट होतात. ते सगळे पेटण्याजोगे व्हायला सुमारे एक किलो गॅस पुरतो, आणि लाल टाकीत १४.२ किलो असतो. परंतु गॅस सगळीकडे पसरत नाही, तळाशी राहतो. पाटावर मांडी घालून बसलेल्या माणसाच्या कमरेपर्यंतचा दीड फुटाचा थर धरला तर पाव किलोदेखील लागत नाही. पाव किलो म्हणजे भाजीवाला तराजूत मिरच्या टाकतो तेवढा. आणि बंद खोलीत असे मिश्रण पेटले की आतला दाब एकदम वाढतो, त्याच्या अल्पांशानेही साधी विटांची भिंत ढासळते. वर जुने माळवद असेल तर काय होईल? मातीच्या छताचे ओझे अंगावर येणे म्हणजे काय, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीने आपल्याला दाखवलेले आहे. आग खाली लागते पण वर राहणारे त्यातून सुटत नाहीत. मुंबईत कुर्ला पश्चिमेला १६ ऑक्टोबर २०१५ रोजी एका उपाहारगृहात गॅसने आग भडकली आणि आठ जण गेले. त्यांतले बहुतेक दुपारी जेवायला आलेले विद्यार्थी होते.

गॅस सुटला नाही, नीट जळत राहिला, तरी तळघराचा दोष संपत नाही. एक किलो गॅस पुरा जळायला सुमारे बारा घनमीटर हवा लागते. मघाच्या तळघरात सगळी मिळून चोवीस घनमीटर आहे. दारखिडक्या बंद करून दिवसभर ज्योत चालवली तर हवेतला प्राणवायू कमी होतो, ज्योत निळी असायची ती पिवळी पडते, काजळी धरते, आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघू लागतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके जड होते, मळमळते, झोप येते. कारागीर म्हणतो, दुपारचे ऊन लागले. तळघरात कसले ऊन? दोन माणसांचे डोके एकाच वेळी दुखू लागले तर ज्योत बंद करून दोघांनीही वर यावे.

मग टाकी कुठे ठेवावी? टाकी कधीही जमिनीच्या पातळीखाली ठेवू नये. गॅस कंपन्याही हेच सांगतात, आणि त्याचे कारण आता आपल्याला कळले आहे. ती अंगणात, मागच्या बोळात, जिथे हवा खेळते आणि ऊन थेट पडत नाही अशा जागी, गटाराच्या तोंडापासून आणि जिन्याच्या तोंडापासून लांब, उभी ठेवावी. आडवी पाडली तर वाफेऐवजी पातळ गॅस बाहेर येतो, आणि तो वाफ होताना सुमारे अडीचशे पट फुगतो.

हे सर्व ऐकून घेतल्यावर त्या वाड्यातले मामा मला म्हणाले, ‘भाऊ, वर ठेवली तर दिसती ना! खाली कोण बघायलंय?’ रोगाचे मूळ इथे आहे असे माझे मत आहे. घरगुती लाल टाकी धंद्याला वापरणे २००० सालच्या पुरवठा-नियंत्रण आदेशाप्रमाणे गुन्हा आहे. धंद्यासाठी १९ किलोची निळी टाकी आहे, ती महाग पडते. घडणावळ ठरवताना मालक लाल टाकीचा दर धरतो, कारागीर निमूटपणे लाल टाकी आणतो, आणि ती दिसू नये म्हणून खाली लपवतो. बचत वर जाते, टाकी खाली येते. पकडले जाण्याच्या भीतीने माणूस नेमकी सर्वांत धोक्याची जागा निवडतो. ज्यांना मोठी टाकी झेपत नाही त्यांच्यासाठी पाच किलोची टाकीही मिळते, ती पत्त्याच्या पुराव्याशिवाय केवळ ओळखपत्रावर देतात. परगावाहून आलेल्या कारागिरांना हे पुष्कळदा ठाऊक नसते. ते गल्लीत मोठ्या टाकीतून लहान टाकीत गॅस भरून देणाऱ्याकडे जातात. तो धंदा करणाऱ्याला आणि करवून घेणाऱ्याला माझे हात जोडून सांगणे आहे की हे करू नका. कारखान्यात टाकी काठोकाठ भरत नाहीत, वर वाफेला जागा ठेवतात. अंदाजाने भरलेल्या टाकीत ती जागा राहत नाही, आणि वैशाखात पातळ गॅस फुगला की त्याला जायला वाट नसते.

टाकी वर ठेवून नळ खाली न्यावा काय? नेता येतो. धातूचा पक्का नळ, भिंतीच्या बाहेरून दिसेल असा, वर एक चावी आणि खाली पाटापाशी दुसरी, शेवटी रबरी नळी दीड मीटरहून लांब नाही. याने एक मोठी गोष्ट साधते: खाली गॅस सुटला तर तो तोडायला कोणाला खाली उतरावे लागत नाही. पेवात दुसरा माणूस मरतो तो पहिल्याला काढायला जाताना. येथे वरची चावी फिरवली की संपले. पण मला स्वतःला विचाराल तर मी याहून साधी गोष्ट सुचवतो. आगीचे काम वर आणा, थंड काम खाली ठेवा. घासणे, जडवणे, कोरणे, वजन करणे हे खुशाल तळघरात करा. वितळवणे आणि झाळणे दिवसातून दोन-तीन तासांचे असते, ते ओसरीवर एखाद्या पत्र्याच्या आडोशाला करावे. सोने दिसते ही भीती खरी आहे, परंतु आडोसा आणि कडी यांनी ती भागते.

ज्यांना खालीच काम करणे प्राप्त आहे त्यांनी तळाशी साचलेली हवा ओढून बाहेर टाकणारा पाइप बसवावा. त्याचे तोंड जमिनीपासून वीतभर उंचीवर हवे आणि पंख्याची मोटर त्या हवेच्या वाटेत नको. छताजवळचा पंखा या गॅसला उपयोगाचा नाही. कित्येकांनी तोच लावून निश्चिंतपणे काम चालवले आहे. गॅस ओळखून वाजणारी घंटा बाजारात मिळते, ती फूटभर उंचीवर बसवावी. विकणारा डोक्याच्या उंचीवर ठोकून गेला तर त्याला परत बोलवावे.

नळी तारेच्या जाळीची, आयएसआय छापाची घ्यावी आणि पाच वर्षांनी बदलावी. उंदीर असतील तर पाच वर्षांचीही वाट पाहू नये. गळती पाहायची ती साबणाच्या पाण्याने. फेस जोडावर लावायचा, बुडबुडा फुगला तर गळती. टाकी घेताना कडीजवळच्या पट्टीवर एक अक्षर आणि वर्षाचे दोन अंक असतात ते वाचावेत. अ-ब-क-ड ऐवजी तिथे इंग्रजी ए, बी, सी, डी असते: ए म्हणजे मार्चअखेर, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. ती मुदत उलटलेली असेल तर टाकी परत करावी. तोंडातली रबरी कडी जागेवर आहे ना हेही पाहावे. घरगुती रेग्युलेटर ठरावीक हलक्या दाबाचा असतो. मोठी ज्योत हवी म्हणून त्याच्याशी खेळू नये, त्या कामाचा निराळा मिळतो. काम संपल्यावर आधी टाकीची चावी बंद करावी, नळीत राहिलेला गॅस ज्योतीने जळून जाऊ द्यावा, मग हातातली.

एवढे करूनही वास आला तर? काहीही पेटवायचे नाही, कोणतेही बटण दाबायचे नाही, चालू असलेला दिवा चालूच राहू द्यायचा. सर्वांनी वर यायचे, टाकी बंद करायची, दारे उघडायची, वरच्या मजल्यावरच्या बायकापोरांना बाहेर काढायचे, आणि मोकळ्या जागेत गेल्यावर १९०६ या क्रमांकावर गॅसगळतीची खबर द्यायची. आग असेल तर १०१. पेटलेली नळी ओल्या पोत्याने विझवण्यापूर्वी टाकी बंद होते का पाहावे. ज्योत विझली आणि गॅस सुटतच राहिला तर तो पुन्हा खाली साचतो. टाकीच आगीत सापडली असेल तर शौर्य नको, लांब जावे.

राहिला प्रश्न हे बघणार कोण? १९४८ च्या कारखाना कायद्याने विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगारांची अट घातली होती, पुढे ती वाढवली गेली. तीन माणसांच्या तळघरात निरीक्षक येत नाही, आणि येणारही नाही. म्हणून आम्ही घडणावळीच्या बोलणीत एक ओळ घालू लागलो: टाकी, नळी आणि नळ यांचा खर्च मजुरीत धरायचा नाही, तो माल घेणाऱ्याने निराळा द्यायचा. बऱ्याच जणांनी ती ओळ खोडली. त्या वाड्यातल्या तंट्यात मात्र तीन बैठका झाल्या. दुकानदार म्हणत, ‘माझ्या बापाच्या वेळी कुणी नळाचे पैसे मागितले नाहीत.’ मामा म्हणाले, ‘मालक, तुमच्या वडलांच्या वेळी फुंकणी होती. ती माझी होती.’ अखेर निम्मा खर्च दुकानदाराने सोसला, निम्मा तिघांनी मिळून. ओसरीच्या कोपऱ्यात पत्र्याचा आडोसा झाला, निळी टाकी अंगणात तुळशीच्या पलीकडे उभी राहिली. तळघरात आता जडावाचे काम चालते, आणि उन्हाळ्यात दुपारी मामा तिथेच आडवे होतात.